चांदीच्या घड्याळाचा काळेपणा

भिजत घातलेल्या चिंचेचा वास आला की मला गुंजवण्याच्या धरणाकाठचा तो बंगला आठवतो. तिथं मी एका म्हाताऱ्या साहेबांकडे कामाला होते आणि त्यावरच माझं घर चालायचं. साहेबांना जुनी, भारी मनगटी घड्याळं जमवायचा नाद होता. त्यातलं एक चांदीचं होतं. त्याच्या मोठ्या तबकडीत दोन छोट्या तबकड्या होत्या, आणि बाजूचं बटण दाबलं की एक बारीक काटा पाण्यावर पळणाऱ्या पाणनिवळी किड्यासारखा सरकत जायचा. दुपारी धरणाचा उजेड छतावर हलत असायचा आणि मी काम विसरून त्या काट्याकडे बघत राहायचे. एकदा साहेब भोरला गेले असताना पितळी भांडी घासता घासता मी ते काळवंडलेलं घड्याळही चिंच आणि राखेनं घासलं. लख्ख झालं. साहेब आले आणि ते हातात घेऊन खुर्चीत बसले. "बाई, हे असं काळं व्हायला सत्तर वर्षं लागली होती. जाणकार त्या काळेपणावरच जीव टाकतात." "मला वाटलं मळ हाय," मी कशीबशी म्हणाले. त्यांनी घड्याळ कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. काम गेलं असं समजून दुसऱ्या दिवशी मी पायरीशीच उभी राहिले. त्यांनी नेहमीसारखी घड्याळांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आज नुसता कोरडा फडका मारा. चिंच आमटीत घाला." आता माझी जोडवी काळी पडली आहेत. सून म्हणते, आणा, घासून देते. मी पाय लुगड्यात ओढून घेते.