विमलक्कांचा चांगला रिपोर्ट

पायाची पट्टी सोडली आणि मी हातातला रिपोर्ट पुन्हा वाचला. कागदावर विमलक्कांची शुगर अगदी शहाण्यासारखी होती. पायावर अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं आणि त्याचा वास खोलीभर पसरला होता.

"दुखत नाही का वो अक्का?"

"नाही सिस्टर. जोडवी घासल्यात वाटतं. हळद लावली की," त्या म्हणाल्या.

दुखत नाही, हेच वाईट लक्षण. वर्षानुवर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. खडा टोचला तरी कळत नाही, जखम सडली तरी कळत नाही. पण मग रिपोर्ट इतका चांगला कसा?

मी तेव्हा कमरीपेठेजवळच्या सरकारी हेल्थ सेंटरमध्ये नर्स होते. आता रिटायर झाले आहे. विमलक्का त्याच भागातल्या, त्यांच्या यजमानांचं, बाबूअण्णांचं भांड्यांचं दुकान. घरात ती दोघं, धाकटा दीर, जाऊ रेखा आणि लग्नाची मुलगी पल्लवी.

बोट टोचून बघितलेली शुगर त्या घटकेपुरती असते. आदल्या दिवशी उपास धरला की आकडा खाली येतो, आणि उपासात आमच्या बायकांचा हात कुणी धरणार नाही. म्हणून आम्ही एचबीएवनसी करायचो, म्हणजे तीन महिन्यांची साखर. रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेली साखर लवकर सुटत नाही, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब एकदम निघतो. पेशंट खोटं बोलेल, ही टेस्ट बोलत नाही, असं मी ट्रेनिंगमध्ये छाती ठोकून सांगत असे.

विमलक्कांचा आकडा आधी दहाच्या वर होता. डॉक्टर इन्सुलिन सुरू करणार होते. मग हा रिपोर्ट आला, सहाच्या जवळपास. इन्सुलिन टळलं, गोळीसुद्धा निम्मी झाली. गोळी कमी झाल्याची चिठ्ठी घेऊन घरी गेलेली मीच होते, आणि पेढा खाऊन आले होते.

मी पिशवीतलं मशीन काढून त्यांचं बोट टोचलं. चारशेच्या वर. डॉक्टरांना फोन लावला.

"कागद आणि पाय जुळत नाहीत," मी म्हटलं.

"लॅबची चूक असेल. आधी पेशंटला हॉस्पिटलमध्ये हलवा."

चहा घेऊन आलेली रेखा दारातच थांबली होती. कप हातात तसेच ठेवून ती म्हणाली, "लॅबची चूक नव्हं सिस्टर. ते रक्त माझं आहे."

विमलक्कांनी तोंड भिंतीकडे केलं.

लॅबची मुलगी नवीन होती. दारात येऊन तिनं विचारलं, विमला कोण? रेखानं हात पुढं केला. एवढंच. दोघी जावांनी ते आदल्या दिवशी ठरवलं होतं.

"पण का?" माझा आवाज चढला. "पाय जाईल त्यांचा!"

"तुमच्या बोर्डामुळं की."

तो बोर्ड. त्याचं सांगायलाच हवं, कारण तो माझा होता. आमच्याकडे 'निरोगी गल्ली' म्हणून कार्यक्रम चालू होता. सकाळी चालायचं, पापड-लोणचं कमी करायचं, तंबाखू सोडायची, बीपी-शुगर तपासायची. लोक यायचे आणि विसरायचे. मी सुचवलं, समाजाच्या हॉलच्या भिंतीवर बोर्ड लावू. घराचा नंबर आणि पुढे गोल टिकली. सगळ्यांची शुगर आणि बीपी ताब्यात असेल तर हिरवी, नसेल तर लाल. नावं नाहीत, फक्त नंबर, म्हणजे सगळं गुप्त. काय अक्कल माझी! गल्लीत कुठला नंबर कुणाचा हे दूधवाल्यालाही पाठ असतं.

बोर्डाचा परिणाम मात्र झाला. पहाटे चालणारे वाढले. हेल्थ खात्यातले आमचे साहेब खूश. दर मीटिंगला त्यांचं कानडीत एकच वाक्य, "मेडम, रेड कमी माड्री." लाल कमी करा. मीही घरोघर तेच सांगत सुटले. शुगर कमी करा असं म्हणायला हवं होतं, मी लाल कमी करा म्हणत होते. आणि लोकांनी लालच कमी केलं.

"पल्लवीला बघायला बेळगावचे पाव्हणे येणार होते," रेखा सांगत होती. "येणार ते हॉलवरनंच. लाल टिकली बघून कुणी विचारलं तर काय सांगायचं? आईला साखर आहे, उद्या मुलीला होईल, असंच म्हणत्यात वो लोक. अक्का रोज रडायच्या. मला साखर नाही. मी म्हटलं, माझं रक्त द्या."

मला तिला रागवायचं होतं. जमलं नाही.

रिक्षानं हॉस्पिटल गाठलं. सर्जननी पाय बघून सांगितलं, बोट काढावंच लागेल. पाय वाचेल की नाही ते दोन दिवसांत कळेल. जोडवी सुजेत रुतली होती, ती कटरनं तोडावी लागली. तेवढ्यासाठी विमलक्का ओरडल्या. बोटासाठी नाही ओरडल्या.

बाबूअण्णा बाहेर बाकावर बसले होते. मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आमच्या चांगल्यासाठीच केलंय." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिथून मी सरळ हॉलवर गेले. शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बोर्ड उतरवून सेंटरवर आणला. अर्ध्या तासात साहेब सेंटरवर हजर.

"कुणाला विचारून काढलात? नाळे इन्स्पेक्शन अद री!" उद्या तपासणी आहे.

"लावताना पेशंटना विचारलं नव्हतं सर. काढताना तुम्हाला विचारलं नाही."

ते खुर्ची ओढून बसले. झालेलं सगळं मी सांगितलं. मग म्हणाले, "रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"खरं लिहा."

त्यांनी खरं लिहिलं, आणि मला मेमोही दिला. दोन्ही बरोबरच होतं. पुढच्या आठवड्यात आम्ही हिरव्या टिकलीच्या घरांची पुन्हा तपासणी केली. नावं सांगत नाही, पण रेखा काही एकटी नव्हती.

विमलक्कांचं आणखी एक बोट गेलं. पाय राहिला. इन्सुलिन सुरू झालं. पल्लवीनं आईला न विचारता बेळगावला फोन करून सगळं सांगून टाकलं. आता हे स्थळ गेलं असं धरूनच सगळे बसले होते.

पाचव्या दिवशी मुलाची आई हॉस्पिटलमध्ये आली. उंच, करारी बाई. विमलक्कांच्या उशाशी बसून पाय कसा आहे ते विचारलं, पल्लवीच्या हातात सफरचंदाची पिशवी दिली. लग्नाचं अवाक्षर नाही.

मी निघाले तशा त्या माझ्यामागून कॉरिडॉरमध्ये आल्या. आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, "सिस्टर, ती तीन महिन्यांची टेस्ट तुमच्याकडं करत्यात का? बेळगावात केली की घरात कळतंय."

"गोळ्या कोणत्या घेता?"

"घेत नाही. साखर आहे म्हणून डॉक्टर बोलले त्याला चार वर्षं झाली. मोठ्या मुलाचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. मग ह्याचं आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या सेंटरवर आल्या. मी दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, सुई हातात घेतली आणि थांबले. एकतीस वर्षांच्या नोकरीत हजारो लोकांना टोचलं होतं, पण हा प्रश्न कुणाला कधी विचारला नव्हता.

"रिपोर्ट आला की कुणाकुणाला सांगू?"

त्यांनी मूठ आवळली, शीर वर आली.

"आधी मला सांगा," त्या म्हणाल्या. "मग मुलाला मीच सांगते."