सुसरमास्तरांची सरळ शेपटी

सुसरमास्तर पाण्याला भीत. नाचणगावहून सायकलने शाळेत येताना वाटेतल्या ओहोळाला घोटाभर पाणी असलं, तरी सायकल खांद्यावर घेऊन, डोळे मिटून, कोणा वाटसरूचा हात धरून पलीकडे जात. वर्गात शिरले की मात्र हाच माणूस तासभर समुद्राच्या तळाशी वावरे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन सोडून पाण्यात राहायला गेलेले आणि पुढे नामशेष झालेले सरपटणारे प्राणी, हा त्यांचा जीव की प्राण. पोरांनी ठेवलेल्या नावावर त्यांची तक्रार एवढीच होती, "सुसर तर अजून जित्ती आहे बे. मेलेलं कायतरी नाव ठेवाचं होतं!"

जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे या प्राण्यांचा दाखला असे. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, तेव्हा आता नव्या राज्यात आपलं कसं होणार म्हणून आम्हा मास्तर लोकांचे चेहरे उतरले. सुसरमास्तर शांतपणे म्हणाले, "जमिनीवरचं जनावर पाण्यात गेलं. पायाचे वल्हे झाले. अंडी घालायले काठावर येणं जमेना, तर पोटातच पिल्लं वाढवली. पण कल्ले काई फुटले नाईत. श्वास घ्यायले वरच यावं लागे. तसंच आपलं. राजधानी कुठंई जावो, रजेच्या अर्जावर सही आपल्या हेडमास्तरचीच लागते."

ते विज्ञानाचे आणि मी ड्रॉइंगचा. दोघेही तात्पुरते. तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा बरा पडला तर कायम, नाहीतर उचला वळकटी. मला एकट्याला कुठेही चाललं असतं. मास्तरांची म्हातारी आई मात्र नाचणगावचा उंबरठा सोडायला तयार नव्हती.

तपासणीसाठी मास्तरांनी त्या नामशेष प्राण्यांपैकी एकाचा, मत्स्यसरड्याचा, नमुना केला. हे नावही त्यांचंच. कागदाचा लगदा मेथ्या घालून कुटला. शिंप्याकडची रिकामी रिळं तारेत ओवून कणा केला. आतली हाडं दिसावीत म्हणून एक बाजू उघडी ठेवून वल्ह्यात चिंचोक्यांच्या दाट रांगा बसवल्या, कारण या प्राण्याच्या बोटांची हाडं म्हणे अशीच वाढत गेली होती. डोळ्याभोवती हाडाचं कडं असे, म्हणून आईची काचेची बांगडी मागून आणली. फक्त रंग द्यायचं काम माझ्याकडे सोपवलं.

आदल्या दुपारी मी रंग घेऊन बसलो, तर कणा शेपटीजवळ एकदम खाली वाकलेला! शिपायाने नक्की आपटला असणार. मित्राची अब्रू आपल्या हाती, या भावनेने माझा ऊर भरून आला. चिमट्याने तार सरळ केली, कामटी लावली, वरून लगदा थापला आणि असा निळा रंग दिला की मत्स्यसरडा बाणासारखा दिसू लागला. कोणाला सांगितलं नाही. उपकार बोलून दाखवू नयेत, एवढं सौजन्य माझ्यात होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मत्स्यसरड्यापाशी थबकले. "वा! शेपटी काय रेखीव आहे!" हेडमास्तरांनी मान डोलावली. मीही विनयाने खाली पाहिलं. आता मास्तरांनी नुसतं "हो साहेब" म्हणायचं, की झाले कायम.

मास्तर शेपटीकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग पुढे होऊन दोन्ही हातांनी शेपटी धरली आणि कडकन खाली वाकवली.

"अहो, शाळेची वस्तू मोडता?" साहेब ओरडले.

"मोडत नाई साहेब, दुरुस्त करून राह्यलो. याचा कणा शेपटीच्या खालच्या पात्यात उतरते. सरळ ठेवला तर हा पोहणार कसा?"

"तो आता कुठे पोहणार आहे?" साहेबांनी विचारलं आणि वहीत लिहिलं, 'शैक्षणिक साधनांची मोडतोड करतात. स्वभाव विक्षिप्त.'

शेपटी मी सरळ केली, हे चार शब्द मला बोलता आले असते. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात साहेबांनी माझ्या निळ्या रंगाची तारीफ केली. मी "थँक्यू सर" म्हणालो आणि कायम झालो.

मास्तरांना कारंजा घाडग्याच्या शाळेत जागा मिळाली. मोटारीपाशी मी कबुलीजबाबाची जुळवाजुळव करत उभा होतो. म्हातारी ट्रंकेवर बसून नाचणगावच्या दिशेने बघत होती. तिच्या एका हातात एक बांगडी कमी होती.

"मास्तर, ते शेपटीचं..."

"ठाऊक आहे मले. तुमच्या बोटाले निळा रंग होता न," ते म्हणाले. "मनाले लावून घेऊ नका, ड्रॉइंगवाले. मोठमोठ्या पंडितांनाई आधी असंच वाटलं होतं, का मेल्यावर मोडली असंन." मग आईला हात देऊन उठवत म्हणाले, "चाल माय. पाहू आता, पायाचे वल्हे होतेत का."

मत्स्यसरडा शाळेच्या कपाटात राहिला. दर तपासणीआधी कोणीतरी कर्तव्यदक्ष माणूस शेपटी सरळ करून चिकटवी आणि तपासणी आटोपली की मी, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, ती पुन्हा मोडून ठेवी. नोकरीभर हे चाललं. निरोप समारंभाच्या दिवशी कपाट उघडलं, तर शेपटी पुन्हा सरळ. या खेपेला खोलीत नवे हेडमास्तर होते, चार शिक्षक होते, माझ्या गळ्यात हार होता. मी शेपटी धरली आणि कडकन वाकवली.

"अहो सर, हे काय करता?"

"दुरुस्त करून राह्यलो," मी म्हणालो.