धरलं किती, भरलं किती

सांगलीतल्या त्या संगणक केंद्राच्या हजेरीपटावर ‘हरणाबाई जोतीराम लवटे’ हे नाव चढलं, तेव्हा दोघांनी चौकशी केली की झाडलोटीला नवी बाई ठेवली का. अपूर्वा, भार्गवी असल्या नावांच्या पोरींत हे नाव म्हणजे आजीचं लुगडंच. नाव खरोखर आजीचंच होतं, आणि हरणाबाई चोवीस वर्षांची होती. नाव बदलून घे, असं कुणी सुचवलं की ती म्हणायची, “का, तुमच्या तोंडाला जड जातंय व्हय?”

ती जतकडची. घरी मेंढरं, पावसावरची ज्वारी, आणि उन्हाळा लागला की टँकर. सांगलीत वसतिगृहात राहून ती कॉम्प्युटर शिकली आणि केंद्रात सकाळपाळीला लागली. नोकरी अजून कच्चीच होती. कायमचं पत्र जूनमध्ये मिळायचं होतं.

केंद्रात दोन मोठी यंत्रं होती, मुंबईच्या एका कंपनीनं वापरून सोडलेली. एकाला सगळे थोरलं म्हणत, दुसऱ्याला धाकटं. प्रत्येकात चार प्रोसेसर. गिऱ्हाइकं सहा, आणि प्रत्येकाला या यंत्रांच्या पोटातच एक नावापुरतं यंत्र करून दिलेलं. एका घरात सहा चुली मांडाव्यात तसा प्रकार, पण ज्याला त्याला वाटायचं की अख्खं घर आपलंच.

सन अठ्ठ्याण्णवचा मे महिना होता. या गिऱ्हाइकांत एक वाहतूक संस्था होती. जत भागात आज कुठला टँकर कुठल्या गावाला जायचा, त्याची यादी तिला रोज सकाळी सहाला हवी असायची. ती निघायची अकराला. तोवर टँकर जागच्या जागी उभे, आणि गावोगावच्या बाया उन्हात. त्या बायांत हरणाबाईची आईही होती.

“धाकट्यावर गर्दी आहे,” केंद्राचे प्रमुख सौमित्रसाहेब म्हणाले. “पाच गिऱ्हाइकं तिथंच आहेत. इलाज नाही.”

“आणि थोरल्यावर?”

“त्यातले तीन प्रोसेसर साखर कारखान्याला राखीव आहेत, चौथा केंद्राच्या कामाला.”

“गाळप तर मार्चातच संपलं की.”

“राखीव म्हणजे राखीव.”

हा शब्द हरणाबाईला नवा नव्हता. लहानपणी गावात टँकर यायचा, तेव्हा रांगेच्या तोंडाला नाथाजी पाटलाच्या वीस घागरी मांडलेल्या असायच्या. त्यातल्या पाच भरायच्या. बाकीच्या नुसत्या मान म्हणून उभ्या. आजी सरळ पुढं जाऊन विचारायची, “धरलं किती, भरलं किती?” आणि उत्तराची वाट न बघता रिकाम्या घागरी पायानं बाजूला सारायची. गाव तिला भांडखोर म्हणायचं. पाणी मात्र तिच्या मागून सगळ्यांना मिळायचं.

जेवणाच्या सुट्टीत बसून हरणाबाईनं चार दिवसांत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. ती स्क्रिप्ट दर पंधरा मिनिटांनी दोन्ही यंत्रांना विचारायची: कोण कुठं बसलंय, त्याला प्रोसेसर किती दिलेत, आणि खरोखर किती चाललेत? सकाळी सगळ्याची बेरीज एका कागदावर यायची. छपाईयंत्राला मराठी यायचं नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत दोन रकाने: धरलं आणि भरलं. कारखान्यापुढं रोज तेच. धरलं तीन, भरलं शून्य. टँकरपुढं धरलं अर्धा, भरलं अर्धा.

सौमित्रसाहेबांनी कागद बघून नाक मुरडलं. “हे काय गावठी? अलोकेटेड, युटिलाइज्ड असं लिही. नाही तर असं कर, तो पहिला रकाना काढूनच टाक.”

“सायेब, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणूनच तसं लिवत्यात,” हरणाबाई म्हणाली. रकाना तिनं काढला नाही. महिन्याचे कागद गेले, तेव्हा सहाही गिऱ्हाइकांच्या पाकिटात हा अहवाल गेला. जूनचं पत्र आपण आपल्या हातानं बुडवतोय, हे तिला माहीत होतं. भीतीही वाटत होती. पण रागापुढं भीतीचं काही चाललं नाही.

चौथ्या दिवशी कारखान्यातर्फे विश्वजित आला, अध्यक्षांचा पुतण्या. पाठोपाठ वाहतूक संस्थेचे म्हातारे गुंडाअण्णाही येऊन टेकले.

“जागा आमची हाय,” विश्वजित कडाडला. “वापरू, न्हाई तर मोकळी ठिवू. ही कोण विचारणार?”

सौमित्रसाहेबांनी लिहून ठेवलेला कागद हरणाबाईपुढं सरकवला. अहवाल चुकीचा होता, क्षमस्व. खाली सहीची जागा.

तिनं तो शांतपणे वाचला. “करते की सही. आकडा कुठला चुकलाय, तेवढा दावा.”

कोपऱ्यातून तिच्याच पाळीतली भार्गवी म्हणाली, “मीही दोनदा तपासलंय, सर. आकडे बरोबर आहेत.”

गुंडाअण्णांनी खिशातून घडी घातलेला अहवाल काढला. “पाच वर्सं तुमचं कागद येत्यात. म्या दप्तरात घालून ठिवतो. ह्यो पयला कागद, जो नातवानं वाचला आन् मला कळला.” मग विश्वजितकडं वळून म्हणाले, “मालक, हंगाम दसऱ्याम्होरं. तवर यक द्या. न्हाई तर ह्यो कागद मी गावोगाव टँकरवर चिकटिवतो.”

विश्वजितनं एक प्रोसेसर सोडला, दसऱ्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी यादी सव्वासहाला निघाली. जूनमध्ये हरणाबाईला पत्र मिळालं, पण कायमचं नव्हे. शिस्तभंगाबद्दल नेमणूक सहा महिने पुढं ढकलली होती. तिनं ते पत्र घडी करून जेवणाच्या डब्याखाली घातलं, टेबलाला तेल लागू नये म्हणून.

पाऊस अजून आला नव्हता. त्या रविवारी ती गावी गेली. सकाळी आठलाच टँकरचा भोंगा ऐकू आला. रांगेच्या तोंडाला आठ घागरी होत्या, आणि त्या तिच्याच घरच्या होत्या. आई, शालूबाई, लिंबाखाली फुशारकीत बसली होती. “बग, तुझ्यामुळं टँकर येळंवर येतुया, म्हून पयला लंबर समद्यांनी आपल्याला दिलाय.”

“आई, भरायच्या किती?”

“चार. बाकीच्या ऱ्हाऊ द्यात धरून.”

हरणाबाईनं ओढणी कमरेला खोचली आणि चार घागरी पायानं बाजूला सारल्या.

“आगं बया! नोकरी काय लागली, आईच्या घागरी लाथाडाय लागली!”

“नोकरी अजून लागली न्हाई,” हरणाबाई म्हणाली, आणि उरलेल्या चार उचलून तिनं रांगेच्या शेवटाला नेऊन ठेवल्या.