‘आणि इतर’मध्येसुद्धा नाही

"ही आमची उंदीरवाली," सरांनी पाहुण्यांना सांगितलं. "पिंजरा लावावा तर हिनंच. यांच्या रक्तातच असतं ते."

पाहुणे दिल्लीचे. हसले. मग खोलीतले सगळेच हसले. माझ्या हातात चहाचा ट्रे. शिपाई रजेवर होता. पीएच.डी.चे बाकीचे विद्यार्थी खुर्च्यांवर बसले होते. मीही पीएच.डी.चीच, सरच माझे गाईड. पण ट्रे माझ्याच हातात आला. काहून, ते कोणी विचारलं नाही. माझं आडनाव सगळ्यांना ठाऊक होतं.

बाप कोराडीच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे राख उपसायचा. घरी यायचा तेव्हा भुवयासुद्धा राखाडी. त्याच घरातून मी जंतुशास्त्र शिकायला निघाले.

माझा विषय स्क्रब टायफस. गवतातला एक बारीक किडा, उंदराच्या कानात बसणारा. माणसाला चावला की ताप. चावल्याची जागा काळी पडते, विडीचा चटका बसल्यासारखी. वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी माणूस वाचतो. नाही ओळखला तर जातो. मौद्याकडच्या गावांत गवत कापणाऱ्या बाया तापानं पडत होत्या, आणि त्यांना मलेरियाची औषधं मिळत होती.

मी शेतांच्या धुऱ्यांवर, बांधावरच्या गवतात पिंजरे लावले. उंदरांच्या कानांतून किडे वेचले. घराघरांत जाऊन रक्त घेतलं. तो काळा डाग बहुतेकींना कमरेपाशी, नाही तर छातीखाली. डॉक्टरसमोर त्या लुगडं सैल करत नव्हत्या. मला दाखवलं.

शेवंताबाई त्यांतली एक. तापानं फणफणत होती, तरी हात पुढे केला.

"घे वं माय. मले नाही तं दुसरीले कामी येईन."

नागपूरला आणता आणता गेली. तिचं रक्त मीच तपासलं. तोच ताप.

शोधनिबंध मी लिहिला. सर म्हणाले, भाषा नीट करून पाठवतो. छापून आला तेव्हा पहिलं नाव सरांच्या भाच्याचं. तो मौद्याला एकदाही फिरकला नव्हता. मग सर. मग सरांचे दोन मित्र. आणि शेवटी बारीक अक्षरात माझे आभार. नमुने गोळा केल्याबद्दल.

सरांच्या खोलीत गेले.

"सर, माझं नाव?"

"आभार मानलेत ना."

"काम माझं आहे, सर."

"इंग्रजी बघ आधी स्वतःचं. सीट मिळाली, स्कॉलरशिप मिळाली. आता नावही पाहिजे? तुम्हा लोकांचं पोट भरतच नाही."

बाहेर आले तेव्हा कानशिलं जळत होती. बसमध्ये कोणाकडे पाहवेना. घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "माह्या कामाले कधी नाव नोतं. मी चूप राहिलो, मी शिकलो नोतो. तू काहून चूप बसून राहिली?"



इकडे निबंध गाजला. देशोदेशीचे लोक त्याचा दाखला देऊ लागले. आमच्या धंद्यात तीच इभ्रत. किती जणांनी तुमचं नाव घेतलं, त्यावर बढती, त्यावर पुरस्कार. मी परक्यांचे निबंध उघडायची. माझीच वाक्यं समोर यायची. पुढे कंसात भाच्याचं आडनाव, ‘आणि इतर’.

त्या ‘आणि इतर’मध्येसुद्धा मी नव्हते.

रामदासपेठेतल्या एका सभागृहात सरांचा सत्कार झाला. पडद्यावर दाखल्यांचा आलेख, वर वर चढणारा. शाल, श्रीफळ. मग निवेदक म्हणाला, सरांनी तळागाळातून वर आणलेली त्यांची विद्यार्थिनी दोन शब्द बोलेल.

तळागाळातून. वर आणलेली.

उठले. माईक धरला.

"यातला प्रत्येक उंदीर मी पकडला. प्रत्येक बाईचं रक्त मी घेतलं. निबंध मी लिहिला. माझ्या रक्तात काय आहे ते सर सगळ्यांना सांगतात. सरांच्या रक्तात चोरी आहे, असं मी म्हणणार नाही. चोरी कोणाच्याच रक्तात नसते. ती करावी लागते. ती सरांनी केली."

कोणीतरी माईक बंद केला. उरलेलं मी बिनमाईकचं बोलले. शेवंताबाईचं नाव घेतलं. टाळी एकही नाही. पण त्या दिवशी कोणी हसलंही नाही.

मग व्हायचं ते झालं. शिष्यवृत्ती अडली. प्रबंध लटकला. मैत्रिणी कॅन्टीनमध्ये टेबल बदलू लागल्या. मी गाईड बदलला, काम पुन्हा मुळापासून केलं. आज माझी प्रयोगशाळा आहे, लहानशी. माझे निबंध आहेत. आता त्यांचाही दाखला देतात. भाच्यालाही द्यावा लागतो.

मध्ये सरांचा फोन आला. निवृत्त झालेत. आवाज मऊ.

"झालं गेलं सोड. एक निबंध मिळून लिहू. तुझं नाव पहिलं टाकतो."

"टाकतो म्हणजे? नाव काय भीक आहे, सर? मी तुमच्यासोबत एक ओळ लिहिणार नाही."

फोन ठेवला.

त्या जुन्या निबंधाबद्दल मी तो छापणाऱ्या मासिकाकडे तक्रार केली. त्यांनी संस्थेला विचारलं. संस्थेनं समिती नेमली, समितीत सरांचेच चेले. पुरावा अपुरा, म्हणाले. मी पुन्हा तक्रार केली आहे. लोक म्हणतात, आता तुला काय कमी आहे, कशाला उकरतेस.

उकरणार. मला सत्कार नको, माफी नको. त्याच मासिकात, त्याच निबंधावर छापून आलं पाहिजे की हे काम कोणाचं. समिती पुन्हा नाही म्हणाली तर दुसरी समिती मागेन. तीही नाही म्हणाली तर कोर्टात जाईन. सर मेले तरी तक्रार मागे घेणार नाही.