गोंदाने चिकटवलेले पणजोबा

रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये मी उभी हयात काढली. कुठल्याही पेशंटचा जुना केसपेपर मागा, चहा निवायच्या आत मी तो टेबलावर आणून ठेवायचो. तिथे सगळे मला 'फाइलमामा' म्हणत. ते कौतुकाने म्हणतात असा माझा समज होता, आणि निवृत्त होईपर्यंत कोणी तो मोडला नाही.

निवृत्तीनंतर थोरल्या भावाने घर बदललं आणि घराण्याच्या कागदांची पत्र्याची पेटी माझ्याकडे पाठवून दिली. "हे तुझंच क्षेत्र आहे," तो फोनवर म्हणाला. मी फुशारलो. खरं म्हणजे त्याच्या नव्या घरात पेटीला जागा नव्हती.

पेटीत जन्माचे, मृत्यूचे, शाळा सोडल्याचे दाखले आणि फोटोंचा गठ्ठा, सगळं एकमेकांत कालवलेलं. मी जेवणाचं टेबल बळकावलं. बायको आणि मी ओट्यापाशी उभ्याने जेवू लागलो. दाखले कोणाचे आहेत ते न बघता मी प्रकारानुसार लावले, कारण ऑफिसात तशीच शिस्त होती. लवकरच बायकोला बँकेच्या कामासाठी आमच्या लग्नाचा दाखला लागला. मी अर्धी सकाळ शोधत होतो. शेवटी तिलाच तो 'करार' लिहिलेल्या फाइलीत सापडला.

"करार?" तिने विचारलं.

"दोघांच्या सह्या आहेत ना त्यावर."

"मग मुदत कधी संपते तेही लिहून ठेवा," असं म्हणून ती बँकेत गेली.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी फोटोंकडे वळलो. फोटोंच्या मागे पेन्सिलीने काहीबाही खरडलेलं होतं. कागदपत्रांवर खरडणाऱ्यांचा मला नोकरीपासूनच राग. मी मागून पांढरा गोंद सढळ हाताने फासला आणि एकेक फोटो काळ्या पुठ्ठ्यावर दाबून बसवला. दुसऱ्या दिवशी बायको अल्बम चाळायला बसली.

"अहो, या नाकात चमकी घातलेल्या बाई कोण?"

"मागे लिहिलंय."

"मागे म्हणजे कुठे?"

गोंद सुटावा म्हणून मी पाणी उकळत ठेवलं. आधी दुसऱ्या एका बाईंचा फोटो वाफेवर धरून पाहिला, तर बाई राहिल्या आणि चेहरा गेला.

त्या गठ्ठ्यात एक रुबाबदार गृहस्थ होते. अंगात कोट, भरघोस मिशा, खुर्चीच्या पाठीवर हात. नाक थेट माझं. हेच आपले पणजोबा, मी ठरवून टाकलं. फोटो मोठा करून वंशवृक्षाच्या तक्त्यावर सगळ्यांत वर लावला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. थोरल्याला त्यात आपलं कपाळ दिसलं आणि त्याने तो हॉलमध्ये लावला; चुलतबहिणीला मुलाची हनुवटी दिसली. मला भरून आलं.

बाकीचे चेहरे ओळखू शकेल असं घराण्यात एकच माणूस उरलं होतं, आत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला आमच्यापेक्षा बरं दिसतं. अल्बम काखोटीला मारून मी तिच्याकडे गेलो. ती भराभर ओळखत गेली. चमकीवाली तिची मावशी निघाली. मग तिने मिशांवर बोट ठेवलं आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अरे, हा फोटोवाला. स्वतःचा फोटो नमुना म्हणून पाकिटात घालून द्यायचा."

"पण आत्या, नाक बघ ना."

"तुझं नाक तुझ्या आईकडचं. आमच्या आजोबांचं चांगलं बसकं होतं."

"मग पणजोबांचा फोटो कुठला?"

"नाहीच. त्यांचे पुढचे दात पडलेले, आणि न हसता त्यांना उभं राहता यायचं नाही. फोटोवाला आला की म्हणायचे, पोरांचे काढा, मी दुकान बघतो. शिंपी होते ना. मापं घेताना गिऱ्हाइकाला इतकं हसवायचे की कंबर कमी भरायची आणि कपडे घट्ट व्हायचे."

असा माणूस आपला होता, आणि मी त्याच्या जागी एका जाहिरातीला बसवलं होतं. घरी आल्यावर एकेकाला फोन करून चूक सांगितली. थोरला म्हणाला, "असेल फोटोवाला. पण कपाळ माझंच आहे." त्याने तो फोटो अजून हॉलमधून काढलेला नाही.

आता दर रविवारी मी आत्याकडे जातो. ती बोलते, मी चिठ्ठ्या लिहितो आणि फोटोशेजारी खोचतो. गोंद बायकोने कुठेतरी लपवला आहे. तक्त्यातली वरची चौकट रिकामी आहे. तिच्याखाली लिहिलंय, 'शिंपी. कायम हसत.'

परवा आत्याने स्वतःचा शाळेचा दाखला मागून घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि ती म्हणाली, "हे साल खोटं आहे. शाळेत घ्यावं म्हणून बाबांनी वय वाढवून सांगितलं होतं."

"मग खरं साल कुठलं?"

"ते विचारायला आता कोण आहे? लाव तसाच."

मी तो 'शिक्षण' या फाइलीत लावला. खोटं साल माहीत असून कागद फाइलीत लावण्याची फाइलमामाची ही पहिलीच वेळ.