शिंप्याचा उजवा बूट

मामा चपला-बूट दुरुस्त करतो. समुद्राकडच्या शेवटच्या घरात राहतो, पुढची खोली म्हणजेच दुकान. शिवून झालेले बूट तो मागच्या कठड्यावर वाळत ठेवतो. खाऱ्या पाण्यानं कातडं तडकू नये म्हणून वर माशाचं तेल चोळतो. त्या वासानं पाहुणे पळतात, पण मामाच्या नाकानं कधीच हात टेकलेत.

एकदा कठड्यावरचे बूट गायब व्हायला लागले. तेही एकेक! शेजारच्या शिंप्याला आयतंच कोलीत मिळालं. तो येत्या-जात्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "सांभाळून हं, इथं बूट जोडीनं जातात आणि एकटे परत येतात. एका पायाची माणसं शोधतोय बहुतेक!"

गिऱ्हाइकं तुटली. मामा चोर ठरला. त्यानं चोरावर आणि शिंप्यावर, दोघांवरही डूख धरला.

"सापडू दे, सालटंच काढतो," मामा म्हणाला. मी म्हटलं, "मामा, तेच तर तुझं काम आहे." त्यानं हातोडी उगारली, मी दाराबाहेर.

मग एका पहाटे कठड्यावरून कोल्हीण उतरताना दिसली, तोंडात नावाड्याचा बूट. आम्ही तिच्या मागोमाग गेलो. वाळूच्या उंचवट्याआड बीळ होतं आणि बाहेर चार पिल्लं. दोघं बुटाची रस्सीखेच करत होती, तिसरं टाचेवर बसून तेल चाटत होतं, चौथं स्वतःच्याच शेपटीवर गुरगुरत होतं. मामानं धोंडा उचलला, तेवढ्यात थबकला. शेजारीच लाटेनं आणून टाकलेली प्लॅस्टिकची चप्पल पडली होती. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

"आयला," मामा पुटपुटला, "पंगत तर मीच वाढतोय!"

धोंडा खाली पडला.

"सोडलंस?"

"यांना सोडलं. त्याला नाही."

शिंप्याचे लाडके तपकिरी बूट चोऱ्यांच्या आधीपासून आमच्याकडेच शिवायला होते. मामानं दुहेरी टाके घातले आणि तेल तीनदा जिरवलं. मग शिंप्याच्याच चार गिऱ्हाइकांदेखत दोन्ही बूट त्याच्या हातात ठेवले. "मोजून घ्या हं, शेठ." शिंप्यानं नाक दाबलं आणि बूट आपल्याच पायरीवर वाऱ्याला ठेवले. मामानं त्या गिऱ्हाइकांना चहाला थांबवून घेतलं.

ऊन उतरलं तशी कोल्हीण आली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उजवा बूट उचलून, घाई न करता, निघून गेली.

शिंपी बोंबलत बाहेर आला. "आता या एकाचं मी काय करू?"

"एका पायाचं माणूस शोध की!" मामा म्हणाला. गिऱ्हाइकांनी हसून चहा सांडला.

आता मामा तेलाऐवजी मेण लावतो. दुकानात पुन्हा गर्दी असते. पण संध्याकाळी तो मला हटकून उंचवट्यापाशी नेतो. पिल्लं शिंप्याच्या बुटाशी झोंबत असतात, आणि मामाचा चेहरा असा, की बारसं जणू त्याच्याच घरी आहे.

"बघ, भाच्या," तो म्हणतो, "चौघं ओढतायत, पण एक टाका उसवलाय का?"