पायरीखालचा फोटोग्राफर

"खाली हो! खाली हो म्हणतो ना!"

रावसाहेब ओरडले तेव्हा मी कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली होतो. क्लबाच्या जांभ्या दगडाच्या पायरीवर माझा एक पाय होता. एकच. वर ओसरीवर मंडळी ग्रूप फोटोसाठी बसली होती. खालून मागच्या रांगेची डोकी दिसत नव्हती, म्हणून मी चढलो होतो. पाय काढला. क्लबाचा गडी घागर घेऊन आला आणि त्यानं ती पायरी धुतली. पाणी माझ्या पावलांवर उडालं. ओसरीवर एक जण पेढा खात होता, तो खात राहिला.

मी महार. पालीच्या बाजूच्या एका गावातला. रत्नागिरीत अण्णांच्या फोटोच्या दुकानात नऊ वर्षं होतो. अण्णा म्हणजे माझे मालक. गावाला वाटायचं, मी पेटी उचलणारा गडी. पण अण्णांची नजर कधीच अधू झाली होती. ज्या काचेवर फोटो उमटायचा ती काच कॅमेऱ्यात बसवायची मी, नेम धरायचा मी, काळ्या खोलीत फोटो उठवायचा मी. अण्णा गिऱ्हाइकाला "हसू नका" म्हणायचे, तेवढंच त्यांचं काम.

फोटो तयार झाला की तासभर पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर पिवळा पडतो. अण्णांच्या विहिरीला मी हात लावायचा नाही. म्हणून पोफळीच्या खोडाची एक पन्हळ भिंतीतून काळ्या खोलीत आणली होती. पलीकडून त्यांचा गडी पाणी ओतायचा, अलीकडे ते माझ्या टबात पडायचं. भिंतीपलीकडे ते सोवळं, अलीकडे माझं. त्या पाण्यात माझ्या हातांनी धुतलेले फोटो गावातल्या घराघरांत गेले. मेलेल्या बापांचे फोटो देवघरात लागले. त्यांना हार चढले, गंध लागलं. मी एकदा अण्णांना विचारलं, "कुणाला कळलं तर?"

"काळ्या खोलीत कोण बघतंय?" अण्णा म्हणाले.

प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात दुकानदाराचं नाव घालायची रीत होती. काचेवर अक्षरं उलटी काढावी लागतात, तेव्हा कागदावर सुलटी उमटतात. तेही मीच करायचो, बारीक कुंचल्यानं. माझ्याइतक्या वेळा अण्णांचं नाव खुद्द अण्णांनीही लिहिलं नसेल.

त्या वर्षी थंडीत विलायतेचा क्रिकेटचा संघ आपल्या संघाशी खेळायला आला. सगळा मुलूख त्या सामन्यानं वेडा झाला होता. अण्णांनी खटपट करून मुंबईच्या सामन्याचे फोटो काढायचा परवाना मिळवला. जरीची पगडी, नवं उपरणं, पायात पंप शू. आम्ही बोटीनं गेलो.

मैदानाच्या मोठ्या दारावर एका गोऱ्यानं अण्णांना छडीनं अडवलं. अण्णांनी परवाना पुढे केला. त्यानं तो वाचलासुद्धा नाही. छडीनंच मागची वाट दाखवली. तिकडचं दार भटारखान्याचं होतं. तिथं अंड्यांच्या टरफलांचा ढीग, कोंबड्यांची पिसं, खरकट्याचे पिंप. अण्णा नाकाला उपरणं लावून त्यातून चालले. पलीकडे दोरीमागे एक खोका होता, त्यावर ते मटकन बसले.

"तूच काढ सगळं," म्हणाले.

मला त्या दाराचं काही वाटलं नाही. मी जन्मभर मागल्या दारानंच आलोय. मी कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं आणि दिवसभर उन्हात उभा राहिलो. काचा मोजक्या होत्या. त्यामुळे गोलंदाज धावत निघाला की श्वास धरायचा आणि बहुतेक वेळा तसाच सोडायचा. दुपारी एका चेंडूला मला आतूनच वाटलं, आता. बटण दाबलं. त्याच क्षणी त्या गोऱ्या फलंदाजाची दांडी उडाली. लोक उठून नाचले. मी नाचलो नाही, मला काच काढून झाकायची होती. पण मला ठाऊक होतं, ती दांडी माझ्या पेटीत हवेत होती.

परतीच्या बोटीवर अण्णा वरच्या वर्गातून खाली आले. माझ्यापासून दोन हात अंतर ठेवून गोणीवर बसले. डोळे लाल.

"मेले माणसाला माणूस समजत नाहीत रे," म्हणाले. "ह्या वयात खरकट्यातून चालवलंन मला." मग म्हणाले, "हात तुझा आहे. क्लबात फोटो मांडू तेव्हा चार लोकांसमोर तुझं नाव घेईन. जानव्याची शपथ."

मी खरं मानलं. मूर्ख होतो. गावी निरोप धाडला. कार्यक्रमाच्या दिवशी आय पालीकडून चालत आली आणि क्लबासमोर फणसाखाली उभी राहिली. नेसूचं धुवट लुगडं होतं. दोनदा मला खुणेनं बोलावून विचारलंन, "कधी घेतील रे तुजं नाव?"

अण्णांना हार घातला. अण्णा बोलायला उठले आणि खरकट्याच्या दाराची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. वकील, आंबेवाले, पेन्शनर सगळे उसळले. "शेम! शेम!" क्लबाचे अध्यक्ष रावसाहेब, त्यांनी तर टेबलावर मूठ आपटली. "माणसासारख्या माणसाला मागच्या दारानं? ही कुठली संस्कृती?" मग त्यांनी दांडी उडाल्याचा फोटो उचलला, कपाळाशी नेला आणि विचारलं, "अण्णा, हा क्षण साधलात कसा?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायऱ्यांखाली होतो. फणसाखालून आय पुढे सरकली.

"सवयीनं साधतं," अण्णा म्हणाले.

टाळ्या वाजल्या. आयला वाटलं, नाव घेतलं. तीही टाळ्या वाजवायला लागली. तिच्या त्या टाळ्या आजही माझ्या कानात आहेत.

आणि मग तो ग्रूप फोटो. ती पायरी. ती घागर.

मला राग आला असं लोक समजतात. राग नव्हता, किळस होती. पेढ्यांचा वास, अत्तराचा वास, ओल्या जांभ्याचा वास, आणि घटकेपूर्वी "शेम" म्हणालेली ती तोंडं फोटोसाठी आता गंभीर झालेली. मी फडकं काढलं, घडी घातली, कॅमेरा मिटला.

"काय झालं रे?" अण्णांनी विचारलं.

मी रावसाहेबांशी बोललो. "रावसाहेब, तुमच्या हातातला फोटो मी काढलाय. मीच धुतलाय. तासभर, ह्या हातांनी. तुमच्या देवघरात तुमच्या वडलांचा फोटो आहे ना, तोही मीच धुतलाय. पायरी धुतलीत. आता वडलांचं काय करता?"

"खोटं बोलतोय मेला!" अण्णा किंचाळले. पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळे रावसाहेबांच्या हाताकडे बघत होते. रावसाहेबांनी फोटो सोडून दिला, आणि हात धोतराला पुसला. पुन्हा पुसला. तो फोटो गिरक्या घेत ओल्या पायरीवर येऊन पडला. मी पायरी चढून तो उचलला. ह्या खेपेला कोणी ओरडलं नाही.

गाव ओलांडल्यावर आय म्हणाली, "मी उगाच टाळ्या वाजवल्या." आणि रडली.

आठ दिवसांनी अण्णांचा गडी निरोप घेऊन आला. झालं गेलं विसरू, दुकान अडलंय. पुढल्या दारानं येऊ नको, मागून ये. काळ्या खोलीत कोण बघतंय?

मी गड्याला सांगितलं, "मी बघतोय."

गेलो नाही. जुना कॅमेरा मिळवायला दोन वर्षं लागली. मुंबईच्या गोदीत ओझी वाहिली. आता बाजारपेठेच्या टोकाला माझी खोली आहे, पाणी माझ्या पोरानं आणि मी खणलेल्या विहिरीचं. गिऱ्हाईक येतं. वरच्या आळीतलंही येतं, कारण माझा फोटो पिवळा पडत नाही. काचेवर मी माझं नाव घालतो, नावापुढे जात घालतो. कोपऱ्यात घालत नाही, कोपरा कातरीनं कापता येतो. बसलेल्या माणसाच्या खांद्याला चिकटवून घालतो.

परवा एक वकील आले. रावसाहेबांचा पुतण्या. आपला फोटो बघून म्हणाले, "छान आलाय. एवढं नाव काढून टाका."

"खांदा कापावा लागेल," मी म्हटलं. "कापू?"